मुक्कामाचा प्रश्न

वहिनी : भाऊजी, गाडी जुनी आहे हे मला ठाऊक आहे, तेव्हा सुरुवात तिथून करू नका. ती मला कशाला हवी ते आधी ऐका. गणपतीत गावी जायचं तर रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. पूर्वी एकशेवीस दिवस होतं, नोव्हेंबर २०२४ पासून साठ झालं, एवढाच काय तो फरक. सकाळी आठला मोबाइल घेऊन बसायचं आणि आठ-पाचला वेटिंगचा आकडा बघायचा. मे महिन्यात तेच, दिवाळीत तेच. हॉटेलचं दुखणं आणखी वेगळं. आईंना तळमजला हवा, कमोड हवा, हे सगळं फोनवर दहादा विचारून घ्यायचं आणि पोचल्यावर खोली पहिल्या मजल्यावर निघायची. एखाद्या शनिवारी सकाळी उठून वाटलं की आज दुपारी समुद्र बघावा, तर लालबागच्या माणसाने चौपाटीपर्यंत जाऊन परत यायचं. खरं तर भाऊच्या धक्क्यावर गाडी बोटीत चढवली की तासाभरात मांडवा येतं, आणि भाऊचा धक्का आपल्यापासून तो किती लांब? ह्या ट्रॅव्हलर मिनीबसमध्ये दोन पलंग आहेत, ओटा आहे, पडद्याआड संडास आहे. माझी हौस एवढीच आहे, की महिनाभर आधी न ठरवता घरातून निघता यावं.

दीर : न ठरवता निघायचं तर ती गाडी वर्षभर ठरवून सांभाळावी लागेल, वहिनी. मी मिस्त्रीला घेऊन ती बघून आलोय. वरचा रंग नवा कोरा आहे, म्हणूनच मी आधी खाली वाकलो. मागच्या चाकाच्या कमानीजवळ पत्रा कमी आणि पुट्टी जास्त आहे. आतलं मॅटिंग उचललं तर फरशीच्या पत्र्याची गंजाने चाळण झालेली. समुद्राकाठच्या गाड्यांचं हेच होतं, गंज वरून दिसत नाही, दाराच्या खालच्या काठातून आणि चॅसीवरून चढतो. टायरवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तो वाचलात तर कळेल, नक्षी शाबूत आहे पण रबर म्हातारं झालंय. इंजिनाबद्दल माझी तक्रार नाही. ट्रॅव्हलर बनवणाऱ्या आकुर्डीच्या कंपनीने मॅटाडोरच्या काळापासून मर्सिडीजच्या घराण्यातली डिझेल इंजिनं वापरली. ती उतारवयातही ओढतात, आणि त्यांचे भाग कुर्ल्याला मिळतात. भीती मला आतल्या संसाराची वाटते. तुम्ही एकाच पैशात दोन वस्तू घेताय, एक गाडी आणि एक घर. गाडीला परळमध्ये मिस्त्री मिळेल, नळाला प्लंबर मिळेल, वायरिंगला इलेक्ट्रिशियन मिळेल. पण चालत्या गाडीत हादरे खाऊन सुटलेला नळ कुणाचा? प्लंबर म्हणणार गाडीचं काम आहे, मिस्त्री म्हणणार नळाचं.

वहिनी : तुम्ही मागच्या चाकाची कमान बघितलीत, बरं केलंत. आता मी काय बघते ते सांगते. प्रवासाच्या दिवशी आई सकाळपासून पाणी पीत नाहीत. तुमच्या हे कधी लक्षात आलंय का? पनवेल सोडलं की पुढे कुठे उतरता येईल, तिथे पायऱ्या किती, आत खाली बसायचा संडास की कमोड, कडी लागते का, ही सगळी गणितं त्या आदल्या रात्री मनात घालतात. मग चहासुद्धा नको म्हणतात. त्या गावी येईनाशा झाल्या त्या गुडघ्यांमुळे, असं सगळे सांगतात. गुडघे घरीही तेच आहेत, आणि घरी त्या दोन जिने उतरून देवळात जातात. त्यांना अडवतोय तो सहा-आठ तासांचा रस्ता आणि त्यावरचे संडास. बायकांच्या प्रवासाचं निम्मं वेळापत्रक ह्या एका गोष्टीवर बेतलेलं असतं आणि त्याबद्दल घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. ह्या गाडीत तो पडदा आहे, त्याच्यामागे एक आसन आहे, माझ्यासाठी गाडीची किंमत त्यात आहे. तुमची पुट्टी मी कमान बदलून दुरुस्त करीन.

दीर : हा मुद्दा मी खोडणार नाही. पण तो पडदा उघडून आत काय आहे ते बघू. खाली सरकवायची पेटी आहे, वीस लिटरच्या आतली. चार माणसांत ती दोन दिवसांत भरणार. आपल्या आत्याचा मुलगा अमेरिकेत असली गाडी भाड्याने घेऊन यलोस्टोनला गेला होता, फोटो तुम्हीही पाहिलेत. त्या फोटोंत एक गोष्ट दिसत नाही. तिथे गाडी उभी करायच्या जागेला वीज असते, पाण्याचा नळ असतो आणि मैला ओतायची वेगळी सोय असते. गाडीतलं घर तिथे जमिनीखालच्या नळाला जोडलेलं असतं. आपल्याकडे पेटी भरली की पेट्रोल पंपाच्या संडासात ती हातात धरून जायचं. कोण जाणार? दादा? मी आत्ताच सांगतो, दादा नाही. दुसरं, पाणी. माणशी पंधरा लिटर धरलं तरी चौघांना रोज साठ. शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलो वजन, तेही डुचमळणारं. त्यात पलंग, लाकडी कपाटं, बॅटरी, सिलिंडर. आणि तो सिलिंडर घरगुती लाल असेल तर मी त्या गाडीत झोपणार नाही. तो गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर फरशीशी साचतो, आणि तुम्ही झोपणार फरशीपासून दीड फुटावर. हे सगळं वजन घेऊन तेरा वर्षांची गाडी घाट उतरणार. मला चढाची काळजी नाही, उताराची आहे. ब्रेक तापतात ते तिथे.

वहिनी : पेटी मी नेईन. हसू नका. परळच्या चाळीत नवी सून म्हणून आले तेव्हा मजल्याच्या टोकाला सामायिक संडास होते आणि सकाळी बादली घेऊन रांगेत उभं राहायचं होतं. त्या रांगेत मी काही वर्षं काढलीत, वीस लिटरच्या पेटीने माझी अब्रू जात नाही. उलट त्या वेळी दुसऱ्यांचंही धुवावं लागायचं, इथे निदान आपल्याच घरातलं असेल. गॅसचं तुमचं मान्य. सिलिंडर काढून टाकू, चहा थर्मासमध्ये नेऊ. वजनाचंही मान्य, टाकी अर्धीच भरू.

दीर : चाळीचा विषय काढलात म्हणून विचारतो. आपल्या माणसांनी दहा बाय बाराच्या खोलीतून बाहेर पडायला किती पिढ्या घालवल्या? बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांची खोली, त्यात आजोबा, काका, गावाहून नोकरी शोधायला आलेला भाचा, कॉटखाली ट्रंका आणि कॉटवर आजारी माणूस. आता त्याच लोकांना पुनर्विकासात ५०० फुटांचं घर मिळतंय, तर त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. तुम्ही स्वतः नव्या इमारतीत आलात तेव्हा पहिल्या रात्री आईंना वेगळी खोली मिळाली म्हणून साखर वाटलीत. आणि आता हौसेने पैसे मोजून साठेक चौरस फुटांत जायचं म्हणता, तेही चाकांवरच्या. गिरणगावातल्या माणसाने हे करावं ह्याची मला गंमत वाटते. ज्याला चार बेडरूम आहेत त्याला लहान जागेची मजा. आपल्याला ती मजा आधीच पुरेशी झालेली आहे.

वहिनी : तुम्ही गिरणगावात वाढलात आणि तरी खोली मोजताय? चाळीत खोली कधी दहा बाय बाराची होती हो? गॅलरी आपली होती, जिना आपला होता, खालचा चौक आपला होता. अभ्यास गच्चीवर, भाजी निवडणं गॅलरीत, भांडण जिन्यात. खोलीत माणूस फक्त झोपायला आणि आजारी पडायला जायचा. आता घर मोठं झालं आणि दार बंद झालं. ह्या गाडीचा विचार मी तसाच करते. आत झोपायचं, बाकी सगळं बाहेर. भंडारदऱ्याला पाण्याकाठी चटई टाकली की आतल्या साठ फुटांना कोण विचारतंय?

दीर : गॅलरी आपली होती कारण पलीकडच्या दारात शेजारी उभे होते. गाडीबाहेरची चटई कुणाची? रात्री अकराला दोन मोटारसायकली येऊन थांबल्या की चटई गुंडाळून आत जायचं आणि काचा वर करायच्या. मग पुढचा प्रश्न सुरू होतो, तो उकाड्याचा. मे महिन्यात कोकणात बंद पत्र्याच्या खोलीत झोपून बघा. काचा उघड्या ठेवाल तर डास, आणि भीती. एसी लावाल तर हिशोब ऐका. बारा व्होल्टची दीडशे अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे कागदावर अठराशे वॅट-तास. साधी बॅटरी निम्म्याहून जास्त उपसली तर ती लवकर मरते, म्हणजे हाती नऊशे. एक टनाचा एसी तासाला हजार खातो. म्हणजे झोप लागायच्या आत तो बंद. पंखे मात्र रात्रभर चालतील, तेवढं कबूल. थोडक्यात, ही गाडी आपल्या हवेत डिसेंबर ते फेब्रुवारी घर असते. उरलेले नऊ महिने ती तुमच्या डोक्यावर असते.

(लिहिणाऱ्याला इथे एक आगाऊपणा करू द्या. एवढा वेळ झाला तरी दोघांपैकी कुणीही गाडीची किंमत तोंडातून काढलेली नाही. मुंबईत मध्यमवर्गीय घरातला वाद बहुधा असाच चालतो. पैशाचा आकडा दोघांनाही पाठ असतो, आणि म्हणूनच बोलणं गंजाबद्दल, संडासाबद्दल, डासांबद्दल होतं. ह्यात लपवाछपवी आहे असं मला वाटत नाही. आकडा एकदा उच्चारला की बाकीचे प्रश्न विचारायची कुणाला गरज वाटत नाही, आणि इथे तर खरे प्रश्न तेच आहेत.)

वहिनी : कागदपत्रांचं तुम्ही अजून काहीच बोलला नाहीत. म्हणजे तिथे काही वाईट निघालेलं दिसतंय.

दीर : वाईट नाही, अर्धवट आहे. कायद्यात खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन हा प्रकार आहे. मोटार कॅराव्हॅनसाठी वेगळं तांत्रिक मानकसुद्धा आहे, एआयएस-१२४. पण ही गाडी जन्माने शाळेची बस. पिवळ्या पाटीची पांढरी पाटी करून घेतली, आसनं काढली, पलंग ठोकले, आणि आरसीवर मात्र पलंगांची नोंद नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, की कंपनीने दिलेल्या तपशिलात परवानगीशिवाय बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळच्या एका प्रकरणात तेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद झाली. दंडाचं मी भय घालत नाही. पण घाटात काही झालं आणि विम्याचा माणूस आला, तर तो आधी आरसी वाचणार आणि मग आत डोकावणार. शिवाय दोन वर्षांत पंधरा पुरी होतील. मग तपासणी, नूतनीकरण फक्त पाच वर्षांचं, आणि वर हरित कर. एप्रिल २०२२ मध्ये हलक्या गाडीच्या नूतनीकरणाचं शुल्क सहाशेवरून थेट पाच हजार झालं. वीस वर्षांपुढच्या गाडीला २०२५ मध्ये ते दहा हजारांवर नेलं. सरकारला जुनी गाडी रस्त्यावर नको आहे, आणि ते हे दरवेळी थोडं मोठ्याने सांगतंय.

वहिनी : आणि त्याच सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं, तेही सांगा की. कॅराव्हॅन पार्क उभारा, तिथे पाणी-वीज-संडास द्या, असं त्यात आहे. म्हणजे कल्पना वेडगळ नाही, फक्त आपल्या आधी सरकारला सुचली. कागदांचं माझं उत्तर सोपं आहे. विकणाऱ्याने आधी ताडदेवला जाऊन बदलाची नोंद करून घ्यावी, आरसीवर ती उमटली की मी पैसे देईन, तोवर एक रुपया विसार नाही. नोंद झाली नाही तर व्यवहार मोडला. ह्यात मी काही गमावत नाही.

दीर : हे चोख आहे. असा विक्रेता मिळणं अवघड, पण अट चोख आहे. मात्र धोरण व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे, वहिनी, आणि पार्क कागदावरून जमिनीवर यायला वेळ लागतो. तोवर तुमची गाडी इथे, लालबागेत उभी राहणार. कुठे? तुमच्या इमारतीत गाड्या एकावर एक चढवायचं यंत्र आहे. त्यात दादांची छोटी गाडी जेमतेम जाते. ट्रॅव्हलर अडीच मीटरच्या आसपास उंच, ती यंत्रात शिरणारच नाही. खाली पाहुण्यांच्या दोन जागा आहेत, पण तिथे आडवी तुळई आहे. रस्त्यावर ठेवाल तर गणेश गल्लीपासून मार्केटपर्यंत गणपतीच्या आधी पंधरा दिवस मंडप, बांबू आणि बंदोबस्त. म्हणजे ज्या दिवसांत तुम्हाला गाडी गावी न्यायची, त्याच दिवसांत ती बाहेर काढता येणार नाही. जून ते सप्टेंबर पावसात उभी राहिली की गाद्यांना बुरशी, बॅटरी शून्य, आणि आपल्या वस्तीतले उंदीर वायरिंगवर. लालबागचा उंदीर काय चीज आहे ते मी तुम्हाला सांगायला नको.

वहिनी : ते मी योजून ठेवलंय. माझ्या मामेभावाचं पनवेलला आवार आहे. गाडी तिथे ठेवायची. कॉटन ग्रीनला हार्बर पकडली की थेट पनवेल. गोव्याचा रस्ता तिथूनच तर सुरू होतो. लालबाग ते पनवेल हा सगळ्यात कंटाळवाणा टप्पा, तो लोकलने. लोकलने जाऊन आपल्या गाडीत बसायचं, ह्यात हसण्यासारखं मला काही दिसत नाही.

दीर : मी हसत नाहीये. मी आईंना कॉटन ग्रीनच्या पुलावर चढताना डोळ्यांसमोर आणतोय.

वहिनी : …हं.

दीर : ज्यांच्यासाठी गाडी, त्याच गाडीपर्यंत पोचू शकत नाहीत. टॅक्सीने पनवेलला न्यायचं म्हटलं तर शनिवारच्या लहरीचा खर्च लहरीपेक्षा मोठा होतो. आणि आता एक आतलं बोलतो, राग मानू नका. आपल्याकडे बंद पडलेलं एक घर आधीच आहे. संगमेश्वराजवळ. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, आणि कौलं परतायला माणूस मिळत नाही म्हणून दरवर्षी माजघरात एक नवी बादली ठेवावी लागते. त्या घराला आपण गणपतीत पाच दिवस उघडतो. ते सामायिक आहे, म्हणून सगळ्यांचं आहे, म्हणून दुरुस्ती कुणाचीच नाही. तुम्ही म्हणताय गाडी दोघा भावांत घेऊ. आरसी एकाच्या नावावर निघणार. पहिल्या मे महिन्यात दोघांच्या मुलांच्या सुट्ट्या एकाच आठवड्यात येणार. ब्रेक माझ्या हातून गेले तर खर्च कुणाचा? आपल्या घराण्यात जमिनीवरून भांडणं झाली ती ह्याहून लहान गोष्टींवरून सुरू झाली होती. तेच पैसे कौलांवर टाकले, गावी एक कमोड बसवला, तर?

वहिनी : गावचं घर. तुम्हाला ते आपलं वाटतं, कारण तुमच्या आजोबांनी बांधलं. मला तिथे गणपतीत पाच दिवस जागा आहे, आणि त्या पाच दिवसांत मी पडवीच्या पुढे क्वचित जाते. पंचवीस माणसांचा स्वयंपाक असतो, मोदक असतात, भांडी असतात. मी गावाहून परत येते तेव्हा दमून येते, आणि सगळे म्हणतात, काय छान हवा लागली. मे महिन्यात घर चुलत्यांकडे. कमोड बसवायचा तर चार सह्या लागतील, आणि एक सही मुलुंडला रुसून बसलीय. तेव्हा गावच्या घराचा खर्च ह्या गाडीविरुद्ध मांडू नका. तिथे मी सून असते. ह्या गाडीत मी कुणीच नसते, आणि ओटा एवढा लहान आहे की त्यावर पंचवीस पोळ्या होऊच शकत नाहीत. हा त्या ओट्याचा मोठा गुण आहे.

दीर : हे मी कधी ह्या बाजूने पाहिलं नव्हतं. पण मग एक सांगा, गाडीत चौघांचं कोण करणार? बाहेर गेलं की माणसं जास्त खातात.

वहिनी : बाहेर खातील. ओटा चहापुरता.

दीर : मग ओटा कशाला?

वहिनी : तुम्ही एकेक वस्तू काढायला लागलात की मला कळतं, तुमचं मन बदलतंय.

दीर : मन नाही, प्रश्न बदलतोय. फिरतं घर आपल्याकडे नवं नाही, ते हौसेचं आहे एवढंच नवं. तमाशाचे फड दसऱ्यानंतर ट्रकमध्ये संसार घालून गावोगाव निघतात. बीडचे ऊसतोड कामगार बायकापोरांसह कारखान्याच्या मुलखात जातात आणि फडाजवळ कोपी बांधतात. त्यांना विचाराल तर फिरतं घर ही मजा नव्हे.

वहिनी : खरं आहे. पण एक उदाहरण तुम्ही मुद्दाम गाळलंत. दिंडीचा ट्रक. मी माहेरच्या दिंडीबरोबर आळंदीहून चालले आहे. माणसं पायी, आणि तंबू, पातेली, आजारी म्हातारी ट्रकमध्ये पुढे. आपण मुक्कामाला पोचतो तेव्हा राहुटी लागलेली असते, आमटीला उकळी असते. ट्रक जुनाट, त्याच्या पत्र्याची चाळण तुम्हाला बघवणार नाही. पण त्यात फिरतं घर किती सहज चालतं, ते मी बघितलंय.

दीर : चालतं, कारण सासवड ठरलेलं आहे, जेजुरी ठरलेली आहे, लोणंद, फलटण ठरलेलं आहे. दिंडी कुठे उतरणार ते गावाला माहीत असतं. पाण्याचा टँकर येतो, कुणाच्या तरी शेतात जागा असते, आणि ती देणाऱ्याला ते पुण्य वाटतं. ट्रक त्यात सगळ्यात बिनमहत्त्वाचा. म्हणजे आपण दोघंही दुपारपासून गाडीकडे बघतोय, आणि कमी आहे ती मुक्कामाची. सरकारचं धोरणही तेच म्हणतंय, पार्क बांधा. आईंना विचारलंत का ह्याबद्दल?

वहिनी : विचारलं. वाटलं होतं, संडास दाखवला की खूश होतील. त्यांनी फोटो बघितला, चांगलं आहे म्हणाल्या, आणि मग विचारलं, रात्री उभी कुठे करणार? मी म्हटलं, कुठेही. त्यावर म्हणाल्या, शेजारी कोण असेल? मला उत्तर सुचलं नाही. साठ वर्षं चाळीत काढलेल्या बाईला दार लावून एकटं झोपायची सवय नाही, आपल्या नव्या घरातही त्या दार लोटून ठेवतात. मग मी असा विचार केला, की कोकणात किती घरांत निवास-न्याहारीची सोय आहे. त्यांच्या अंगणात गाडी उभी करू दिली, त्यांचा संडास, त्यांच्याकडे जेवण, तर शेजारही आला आणि मुक्कामही आला. पैसे देऊ.

दीर : बघा, आता तुमची गाडी अंगणात शिरली आणि लहान झाली. यजमानांचा संडास आहे, स्वयंपाकघर आहे, पाणी आहे. मग टाकी नको, पेटी नको, ओटा नको. असं असेल तर जुनी ईको घ्या. दोन मीटरच्या आत उंची, सगळीकडे शिरते, लालबागमध्येसुद्धा वळते. मागची आसनं काढून गादी टाकली की झालं.

वहिनी : आसनं काढून? तुमचं कलम ५२ कुठे गेलं?

दीर : सापडलो. नोंद करून काढू. पण त्याच्याही पुढे जातो. अंगणातल्या माणसाकडे खोली आहेच. मग गाडीत का झोपायचं? खोलीतच झोपा. राहिली काय मग? साधी गाडी, जी दादांकडे आहे.

वहिनी : इतक्या भराभर पुसू नका. रात्रीचा प्रश्न अंगणाने सुटला, हे मी मानते. दिवसाचा सुटला नाही. लालबाग ते ते अंगण, ह्या मधल्या सहा-आठ तासांत आई पाणी पीत नाहीत, तो प्रश्न तिथेच आहे. आणि दर दोन तासांनी त्यांना पाय लांब करून पडावं लागतं. म्हणजे मला रात्रीचं घर नको असेल कदाचित, पण दिवसा एक पलंग आणि एक संडास हवाच. ईकोत पलंग होईल, संडास होणार नाही. वाकून आत जावं लागेल, आणि त्यांना वाकताच तर येत नाही. उभं राहता येईल एवढी उंची हवी.

दीर : म्हणजे ट्रॅव्हलरच. पण रिकामी. एक पलंग, एक संडास, एक खिडकी. टाकी पंचवीस लिटरची, हात धुण्यापुरती. ओटा, कपाटं, दुसरा पलंग, सगळं काढलं तर वजन उतरेल, ब्रेकवरचा माझा आक्षेप निम्मा होईल. गंजाचा राहील. आणि उंची राहील, कारण तीच तर तुम्ही मागताय. आईंना सोयीची गाडी इमारतीत शिरत नाही, इमारतीत शिरते ती आईंना चालत नाही. ह्यातून वाट मला दिसत नाही. भाड्याने घ्यायचं म्हटलं तर?

वहिनी : महिनाभर आधी बुकिंग करून? मग मी दुपारपासून काय सांगतेय? आणि भाड्याच्या गाडीत आई संडास वापरणार नाहीत, मी त्यांना ओळखते. दुसऱ्याची वस्तू खराब होईल म्हणून त्या परत पाणी पिणं बंद करतील.

दीर : मग एक करू. पाहुण्यांच्या जागेवरच्या त्या तुळईची उंची मोजू. बोर्डावर लिहिलेली नको, पट्टी लावून. आणि गाडीचीही, वरच्या कॅरिअरसकट.

वहिनी : दोन इंच कमी पडले तर?

दीर : कॅरिअर काढता येतं. टायरमधली हवा उतरवून आत घालणारेही असतात. मी ते करणार नाही.

वहिनी : आणि उंची बसली, तरी सोसायटी पाहुण्यांची जागा कायमची देईल? सेक्रेटरी पहिल्याच मीटिंगला विचारतील, ही गाडी पाहुणी आहे की रहिवासी.

दीर : विचारतीलच. मी तुमच्या सोसायटीत असतो तर मीही तेच विचारलं असतं.